खर्जाचा सरंजाम

गाण्याच्या मैफलीहून परतणाऱ्या श्रोत्याला आपण विचारावे, की आज तंबोऱ्यावर कोण होते? दहांपैकी नऊ जणांना त्याचे उत्तर देता यावयाचे नाही. गवयाने राग कसा मांडला हे तो सांगेल, तबलजीने कोणत्या तिहाईवर टाळ्या घेतल्या हेही सांगेल; पण तीन तास अखंड झरत असलेला तो खर्ज कोणाच्या बोटांतून येत होता, याकडे त्याचे लक्षच गेलेले नसते. मात्र तोच तंबोरा मध्येच थांबला, तर काहीतरी हरवल्याची जाणीव पहिल्या क्षणी होते ती याच श्रोत्याला. काय हरवले ते त्याला चटकन उमगत नाही, एवढेच.

पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदात, म्हणजे ज्याला आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आणि अलीकडे बँड म्हणतात त्यात, ही जागा बेस गिटार वाजविणाऱ्याची असते. आज मी आपल्याशी बोलणार आहे तो त्याच्या कलेविषयी नव्हे, तर त्याच्या सरंजामाविषयी. गावोगाव कार्यक्रम करीत फिरणाऱ्या या वादकाने रंगमंचावर काय न्यावे, ते कसे मांडावे आणि तेथे उभे कसे राहावे, एवढाच माझा विषय आहे. विषय थोडा आडवाटेचा आहे. आणि कचेरीत बसून फायलींवर शेरे लिहिणाऱ्या माणसाने त्यावर बोलावे, हे तर त्याहूनही आडवाटेचे आहे. म्हणून माझा अधिकार आधी सांगतो.

माझे बालपण मिरजेत गेले. सतार आणि तंबोरा घडविणारी घराणी या गावात दीडशेहून अधिक वर्षे नांदत आहेत, आणि भोपळ्याच्या त्या तंबोऱ्याची खर्जाची तार लागताना शाळेच्या वाटेवर मी रोज ऐकत असे. पुढे १९९९ साली सांगलीला बी. ए.च्या वर्गात असताना एका ऑर्केस्ट्रात बेस वाजविणाऱ्याची जागा रिकामी झाली. मला साधी गिटार थोडीफार येत होती. सहा तारा वाजविणाऱ्याला चार तारा काय अवघड, अशा हिशेबाने मला तेथे उभे करण्यात आले. एम. ए. होऊन सरकारी सेवेत शिरेपर्यंत पाच गणेशोत्सव मी त्या ऑर्केस्ट्राबरोबर काढले. थोर वादक मी कधीच नव्हतो. परंतु या पाच वर्षांत ज्या चुका केल्या, त्या मात्र पुरेशा थोर होत्या. आणि आजचे माझे बोलणे त्यांच्याच आधारावर आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. खर्जाचे काम पूर्वी डबल बेस नावाचे पुरुषभर उंचीचे वाद्य करीत असे. ते एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे म्हणजे घरातला एखादा वृद्ध आप्त प्रवासाला नेण्यासारखेच होते. आणि एवढे सांभाळून नेल्यावरही कर्णे-तुताऱ्यांच्या गदारोळात त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नसे. ही अडचण सोडविली ती कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यांनी. हे गृहस्थ स्वतः गिटार वाजवीत नसत. १९५१ साली त्यांनी भरीव लाकडाची, गळ्यात अडकवून वाजविण्याजोगी विजेची बेस गिटार बाजारात आणली. पट्टीवर पडदे बसविलेले असल्यामुळे सूर नेमका लागे, म्हणून तिचे नावच त्यांनी ‘प्रिसिजन’ ठेवले. रेडिओच्या दुकानातून निघालेल्या या वाद्याविषयी रेडिओवरून बोलावे, यातही एक औचित्य आहे.

पण वाद्य हलके झाले म्हणून प्रश्न संपला नाही. खरे तर तो तेथे सुरू झाला. बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. या सुराची एक लाट हवेत आठ मीटरांहून अधिक लांब पसरते. ती उठविण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि हवा हलविण्यासाठी मोठा पडदा व मोठी शक्ती लागते. त्यातच आपल्या कानांची ठेवण अशी आहे, की सेकंदाला हजार कंपनांचा सूर ज्या पातळीवर कानाला जेमतेम लागतो, त्यापेक्षा जवळजवळ ५० डेसिबेलनी वर चढविल्यावाचून हा खालचा सूर ऐकूच येत नाही. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी कानाचा हा पक्षपात १९३३ सालीच मोजून दाखविला होता. निसर्गानेच खर्ज वाजविणाऱ्याला शेवटच्या रांगेत बसविले आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्यामुळे या वादकाला सरंजामाचा मोह फार. फेंडर यांनी १९५२ साली खास त्याच्यासाठी ‘बेसमन’ नावाचा ॲम्प्लिफायर काढला. गंमत अशी, की तो साध्या गिटारवाल्यांनाच इतका आवडला, की पुढे इंग्लंडात मार्शल यांनी १९६२ च्या सुमारास आपला पहिला ॲम्प्लिफायर केला तो त्याच्याच धर्तीवर. बेसवाल्याच्या ताटातले पहिले पक्वान्नही असे शेजाऱ्याने उचलले! मग १९६९ साली ‘अँपेग’ या अमेरिकन कंपनीने ३०० वॅटचा, चौदा निर्वात नळ्यांचा एक राक्षस निर्माण केला. एस. व्ही. टी. हे त्याचे नाव. नुसते डोके सुमारे ४० किलोंचे, आणि त्याच्याखाली दहा इंची आठ-आठ स्पीकर बसविलेली, माणसाच्या छातीला लागणारी पेटी. त्या वर्षीच्या रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात हे धूड रंगमंचावर उभे राहिले, आणि तेव्हापासून जगभरच्या बेस वाजविणाऱ्या पोरांच्या स्वप्नात तेच येऊ लागले. सांगलीतल्या एका पोराच्याही.

माझ्या वाट्याला अर्थातच तसले काही आले नाही. पंधरा इंची एका स्पीकरची एक जुनाट पेटी ऑर्केस्ट्राच्या मालकीची होती, ती मला मिळाली. एका तालुक्याच्या गावी नाट्यगृहात कार्यक्रम होता. पेटी मी मागच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवली आणि तिच्यापुढे दोन हातांवर उभा राहिलो. मला माझे वादन नीट ऐकू येईना. म्हणून मी आवाज वाढविला. तरी ऐकू येईना, आणखी वाढविला. आमचे वाद्यवृंदप्रमुख एकेकाळचे अकॉर्डियनवादक होते. त्यांना आम्ही सारे मास्तर म्हणत असू. तालीम थांबवून ते खाली उतरले आणि मला म्हणाले, “बाळ, ते वाद्य त्याच्या गळ्यात दे आणि माझ्याबरोबर चल.” दुसऱ्या एका मुलाला तेच वाजवायला सांगून त्यांनी मला प्रेक्षागृहाच्या अगदी शेवटच्या रांगेत नेऊन बसविले.

तेथे मी जे ऐकले ते आजतागायत विसरलो नाही. गायिकेचे शब्द ऐकू येत नव्हते. तबला, ढोलक एखाद्या रजईखाली वाजत असल्यासारखे वाटत होते. आणि या सर्वांवर एक जाड, गढूळ घुमारा पसरला होता. त्यात कोणता सूर वाजतो आहे हेही ओळखता येत नव्हते. मास्तर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने फक्त म्हणाले, “लोक इथं बसतात.”

या तीन शब्दांचे शास्त्र मला पुढे समजले. स्पीकरमधून निघणाऱ्या आवाजाचा वरचा, कडांचा भाग सरळ रेषेत जातो. सूर कोणता हे कानाला पटकन ओळखू येते ते या भागामुळे. पेटी जमिनीवर ठेवली की हा भाग वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. खालचा भाग मात्र दिशा मानीत नाही. तो सगळीकडे पसरतो, आणि भिंतींच्या कोपऱ्यात पेटी ठेवली तर अधिकच फुगतो. म्हणजे वादकाला आपला सूर ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवितो, आणि प्रेक्षागृहात जमा होतो तो केवळ घुमारा. यावर उपाय अगदी साधा आहे. पेटी कोपऱ्यातून काढून पुढे घ्यावी. ती एखाद्या भक्कम खोक्यावर चढवावी किंवा मागे कलती ठेवावी, म्हणजे तिचे तोंड आपल्या कानाकडे होईल. आणि आवाज वाढविण्याआधी खर्जाची कळ थोडी उतरवून पाहावी. दर वेळी असे आढळून येते, की कमी केल्याने जास्त ऐकू येऊ लागले.

सरंजामाचा पहिला नियम मी यावरून शिकलो. वादक जेथे उभा राहतो तेथून त्याची पारख करावयाची नसते. ती करावयाची असते श्रोता जेथे बसतो तेथून. या नियमाचा मला पुढे सरकारी नोकरीतही उपयोग झाला. पण तो विषय आजचा नव्हे.

ज्यांनी हा नियम कोणी न सांगता पाळला, असे एक वादक अमेरिकेत डेट्रॉइट शहरी होऊन गेले. जेम्स जेमर्सन हे त्यांचे नाव. मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेची १९६० च्या दशकातील जी गाणी जगभर गाजली, त्यांतील पुष्कळांना खर्ज दिला तो त्यांनी. १९६२ सालची एक प्रिसिजन, तिच्यावर गुळगुळीत वेष्टनाच्या जाड तारा, आणि त्या छेडण्यासाठी उजव्या हाताची एकटी तर्जनी, एवढाच त्यांचा संसार. ते तारा बदलीत नसत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांचे वाद्य मिश्रणाच्या मेजाला थेट जोडलेले असे. आणि बाहेरच्या कार्यक्रमांसाठी त्यांनी वापरला तो अँपेगचाच एक लहानसा, पंचवीस-तीस वॅटचा ॲम्प्लिफायर. आजच्या हिशेबाने ही शक्ती क्षुल्लक म्हणावी लागेल. पण तो सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता, कारण तो नेमक्या जागी पडत होता.

आज तर हे काम पुष्कळच सोपे झाले आहे. चाळीस किलोंच्या त्या राक्षसाच्या जागी आता दोन-तीन किलोंचा, पिशवीत मावणारा ॲम्प्लिफायर पाचशे वॅट देतो. पुष्कळ वादक तर पेटी नेतच नाहीत. आपले वाद्य आणि पायाशी ठेवावयाचा एक डबा घेऊन येतात, आणि आपला आवाज कानात बसविलेल्या लहानशा श्रवणयंत्रातून ऐकतात. हे सारे ज्याच्यामुळे शक्य होते, ते एक नगण्य दिसणारे उपकरण आहे. त्याला डी. आय. बॉक्स म्हणतात. गिटारमधून निघणारा विजेचा संकेत फार नाजूक असतो. साध्या तारेतून तो पाच-सहा मीटरांपलीकडे नेला, की त्याची धार जाते आणि वाटेतली सारी खरखर त्याला चिकटते. डी. आय. बॉक्स या संकेताचे दोन सारखे पण उलट भाग करून ते दोन तारांतून पाठवितो. वाटेतली खरखर दोन्ही तारांना सारखीच चिकटते. दुसऱ्या टोकाला एकातून दुसरा वजा केला, की खरखर उडून जाते आणि संकेत राहतो. मग ध्वनिमिश्रण करणारा माणूस मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस मीटरांवर बसला असला तरी चालते. ज्याच्या खिशात पैसे थोडे आहेत अशा तरुण वादकाने मोठ्या पेटीच्या आधी हा डबा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

याचे एक कारण आहे. आणि आता मी जे सांगणार आहे ते सांगण्यासाठीच खरोखर मी हा विषय घेतला.

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे. बेस गिटारच्या खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याला जो सूर लागतो, त्याची कंपने एकूणपन्नास. म्हणजे विजेच्या जोडणीत काही दोष राहिला की जी गुणगुण ऐकू येते, ती नेमकी बेस वाजविणाऱ्याच्याच अंगणात येऊन बसते. इतरांच्या ध्वनीत ती दबते. याच्या ध्वनीत ती उठून दिसते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेतलेली यंत्रे एकमेकांना जोडली, की दोघांच्या अर्थिंगचे मिळून एक वेटोळे तयार होते, आणि ही गुणगुण बहुधा त्यातूनच निघते. हे वेटोळे तोडले की गुणगुण थांबते. आणि ते तोडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मांडवात प्रत्येकाला ठाऊक असतो. प्लगची तिसरी पिन कापून टाकावयाची!

२००१ सालच्या गणेशोत्सवात एका गावी मी तेच केले. दुपारपासून गुणगुण थांबत नव्हती, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पकड मागून घेतली आणि पिन कापली. गुणगुण थांबली. माझी पाठही थोपटण्यात आली. संध्याकाळी पावसाची एक सर येऊन गेली. मंचावरचे जाजम ओले होते. तिसऱ्या गाण्याला कोरसमध्ये साथ देण्यासाठी मी मायक्रोफोनपाशी तोंड नेले. माझे हात तारांवर होते आणि ओठ जाळीला लागले. त्यानंतरचे मला आठवते ते एवढेच, की माझी बोटे तारांवरून सुटत नव्हती आणि ओरडावयाचे होते तर आवाज निघत नव्हता. आमचा ढोलकीवाला मला ओढण्यासाठी धावला. मास्तरांनी त्याला दटावून जागच्या जागी थांबविले आणि धावत जाऊन मंचाचा मुख्य खटका बंद केला. मी खाली पडलो. ओठ भाजला होता. त्याची खूण अजून आहे.

काय घडले होते? माझ्या ॲम्प्लिफायरच्या आत कोठेतरी विजेची गळती होती. तिसरी पिन शाबूत असती, तर ती वीज मुकाट्याने जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता. पिन नव्हती म्हणून ती पेटीच्या धातूवर, तेथून तारेच्या आवरणावर, आणि तेथून गिटारच्या तारांवर येऊन थांबली. ती जमिनीची वाट शोधत होती. मी ओठ टेकविले आणि ती वाट तिला दिली. ढोलकीवाल्याने मला हात लावला असता, तर त्यालाही तिने धरले असते. १९७२ सालच्या मे महिन्यात वेल्समधील स्वॉन्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा भर मंचावर मृत्यू झाला. गिटार हातात असताना त्यांनी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला होता. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मला मास्तर होते. आणि दुसरा एक फरक, जो सांगावयाला मला बरे वाटत नाही: माझ्या बाबतीत पिन कापणारा हात माझाच होता.

म्हणून डी. आय. बॉक्सचे महत्त्व. या डब्यावर एक लहानशी कळ असते. ती ओढली की केवळ आवाजाच्या तारेतले आवरण तुटते आणि गुणगुण थांबते; विजेचे अर्थिंग जागच्या जागी राहते. जे काम पकडीने जीव धोक्यात घालून करतात, तेच ही कळ निर्धोकपणे करते. आपल्या प्लगची तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड केलेली असते, हे आपण पाहिले असेल. ती आत शिरताना सर्वांआधी शिरावी आणि बाहेर येताना सर्वांमागून यावी, असा त्यात हेतू आहे. ज्या कोणी तिचा हा आकार योजिला, त्याने माणसाच्या घाईचा विचार केला होता.

तेव्हा बेस वाजविणाऱ्याच्या पिशवीत काय असावे? तारांचा एक जादा संच. दोन जादा जोडतारा, कारण कार्यक्रमात सर्वांआधी दगा देते ती जोडतार. ॲम्प्लिफायरचे दोन फ्यूज. वाद्यात विजेचा घट असेल तर नऊ व्होल्टचा नवा घट. अशा वाद्याची जोडतार खोचलेली राहिली, तर घट विनाकारण झिजत राहतो, हेही लक्षात ठेवावे. चिकटपट्टी, विजेरी, तारा पुसण्याचे फडके. आणि या सर्वांबरोबर एक टेस्टर. मंचावर गेल्यावर तारा जुळविण्याआधी त्याने बोर्डाचे अर्थिंग तपासून घ्यावे. निदान मांडवाच्या वायरमनला ते आपल्यासमोर तपासावयास लावावे. गळती होताच प्रवाह तोडणारा, तीस मिलिअँपिअरचा खटका बोर्डाला बसविलेला आहे का, हे विचारावे. विचारण्यात संकोच कसला? साथीदारांपैकी निम्म्यांचे प्राण त्या रात्री त्या एका बोर्डाला बांधलेले असतात.

आता राहिला प्रश्न उभे राहण्याचा. बेस वाजविणाऱ्याने ड्रम वाजविणाऱ्याच्या निकट, त्याचा उजवा पाय दिसेल असे उभे राहावे. त्या पायाचा ठोका आणि याच्या बोटाचा ठोका एकाच क्षणी पडले, की बाकीचा वाद्यवृंद निर्धास्त होतो. गिटारचा पट्टा किती लांब ठेवावा? वाद्य गुडघ्यापर्यंत लोंबू दिले तर छायाचित्रात रुबाबदार दिसते हे खरे. पण मनगट मोडल्यासारखे वाकते आणि दोन तासांनी बोटे आखडतात. बसून वाजविताना वाद्य ज्या उंचीवर असते, तीच उंची उभे राहताना ठेवावी. सूर जुळवावयाचे ते पायातल्या यंत्राने, आवाज बंद करून. निवेदक बोलत असताना टंग टंग करून नव्हे. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत बोटे चाळविण्याची सवय ज्याला असते, त्याला मास्तर ‘खाज सुटलेला’ म्हणत.

दिसण्याचा विचार करूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हँबुर्गला व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बेस गिटार घेतली. ते डावखुरे, एरवीची गिटार उलटी धरली की विचित्र दिसे, पण ही दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे तशी दिसत नसे. ती स्वस्त होती आणि हलकीही होती. शोभा, सोय आणि ऐपत या तिन्हींचा मेळ घातलेली ही निवड होती. १९७२ साली ती चोरीस गेली आणि तब्बल अर्ध्या शतकानंतर परत सापडून २०२४ साली मालकाच्या हाती आल्याचे जाहीर झाले. दुसरे उदाहरण ‘द हू’ या वाद्यवृंदाचे जॉन एन्टविसल यांचे. एका बाजूला हात गरगरा फिरवून गिटार वाजविणारे पीट टाउन्सेंड, मागे ड्रमवर वादळासारखे कीथ मून. आणि त्यांच्यात हा गृहस्थ खांबासारखा निश्चल. हलत होती ती फक्त त्यांची बोटे. तरीही प्रेक्षकांची नजर त्यांच्याकडे वळे. निश्चल राहणे हीदेखील एक सादरीकरणाची रीत आहे, आणि ती सर्वांत कठीण आहे.

याच वाद्यवृंदाने दुसराही एक धडा दिला. त्यांचे कार्यक्रम कानठळ्या बसविणारे असत, आणि टाउन्सेंड यांनी आपल्या श्रवणशक्तीच्या हानीविषयी पुढे जाहीरपणे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी शंभर डेसिबेलची मर्यादा सुचविली, तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीने. कानात घालावयाची रबरी बुचे काही रुपयांना मिळतात. ज्याचा धंदाच कानांवर चालतो, त्याने ती वापरण्यात कमीपणा मानू नये.

आणि श्रेय? जेमर्सन यांचे नाव मोटाउनच्या तबकड्यांवर वर्षानुवर्षे छापले जात नव्हते. ते मार्विन गे यांच्या १९७१ सालच्या तबकडीच्या वेष्टनावर प्रथम ठळकपणे आले. १९८३ साली ते वारले. रॉक अँड रोल संगीताच्या गौरवदालनात त्यांना स्थान मिळाले ते २००० साली. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस लाखो लोकांनी ऐकला, पण नाव किती जणांना ठाऊक होते? आज मुंबईच्या मोहिनी डे हेच वाद्य घेऊन मंचाच्या अग्रभागी उभ्या राहतात आणि लोक त्यांच्या नावाने तिकीट काढतात. ही गोष्ट आनंदाची आहे. खर्ज वाजविणाऱ्याने अज्ञातच राहावे, असा काही देवाचा हुकूम नाही. परंतु नाव झाले म्हणून त्याचे काम बदलत नाही. इतरांना निर्धास्तपणे उभे राहता येईल अशी जमीन त्यांच्या पायांखाली ठेवावयाची, हेच ते काम.

माझे वाद्य आता घरात भिंतीला टांगलेले असते. नोकरीच्या ओघात मात्र दरवर्षी उत्सवापूर्वीच्या बैठकीला मला बसावे लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे किती वाजेपर्यंत ध्वनिवर्धक चालेल, कमान किती फुटी असेल, मिरवणूक कोठून वळेल, यावर तेथे बराच खल होतो. सर्वांत शेवटी मी मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न विचारतो: “मंचावरच्या बोर्डाचे अर्थिंग कोणी तपासले?” पहिल्या वर्षी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. अलीकडे दोन-तीन हात वर होतात. ज्यांचे होत नाहीत, त्यांना मी माझ्या ओठावरची खूण दाखवितो. त्या दिवशी मास्तर काय म्हणाले ते मात्र त्यांना सांगत नाही. आज आपल्याला सांगतो. मला शुद्धीवर आणल्यावर त्यांनी ती कापलेली पिन जमिनीवरून शोधून काढली, माझ्या खिशात घातली आणि म्हणाले, “ही ठेव. पुन्हा कोणाची कापावीशी वाटली, तर आधी हिच्याकडे बघ.”

ती पिन माझ्या कचेरीतल्या टेबलाच्या खणात आहे.